‘पूर्वीचा राहिला नाही’ म्हणून माणूस कमी होतो काय?



बारामतीहून इंदापूरकडे जाणारा रस्ता काटेवाडीवरून जातो. उसाच्या हंगामात या रस्त्याने दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस कारखान्याकडे चालतात. कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, चमकणारी पट्टीही नसते. त्याच रस्त्याने रात्रपाळी करून, बाजार करून, लग्नकार्य उरकून आपली मुले मोटारसायकलवर घरी परतत असतात आणि बहुतेकांचे डोके उघडे असते. पुढे काय घडते हे या भागातल्या प्रत्येक गावाला ठाऊक आहे. जे दगावतात त्यांच्यासाठी आपण रडतो. जे डोक्याला मार लागूनही वाचतात त्यांचे पुढे काय होते, याचा विचार मात्र आपण करीत नाही. तो आज करावयाचा आहे.

असा तरुण दवाखान्यातून घरी आला की पहिले पंधरा दिवस गाव म्हणते, ‘थोडक्यात वाचला.’ तीन महिन्यांनी म्हणते, ‘पूर्वीचा राहिला नाही.’ वर्षभराने गाव काहीच म्हणत नाही. त्याच्याकडे पाहण्याचेच सोडून देते. ‘पूर्वीचा राहिला नाही’ या तीन शब्दांत एक निकाल दडलेला आहे. तो निकाल धम्माला मान्य आहे काय, हा आपला प्रश्न आहे.

न दिसणारी जखम

आधी दुखणे समजून घेऊ. मेंदू मऊ असतो आणि कवटी कठीण. डोके जोरात आपटले की मेंदू आतल्या आत हेलकावतो, कवटीवर आदळतो, सूज येते, कधी रक्त साकळते. बाहेरची जखम चार टाक्यांत भरून येते; आतली भरेलच असे नाही. कपाळामागचा भाग दुखावला तर राग आवरणे, पुढचा विचार करणे, हातातले काम सोडून दुसरे धरणे कठीण जाते. बहुतेक माणसांत भाषेची केंद्रे मेंदूच्या डाव्या बाजूस असतात. ती दुखावली तर मनातला शब्द जिभेवर येत नाही. वीस वर्षांपूर्वीची शाळा आठवते आणि सकाळचे जेवण आठवत नाही. थोड्या कामाने ग्लानी येते. गोंगाट सोसत नाही. काहींना फिट येते.

पाय तुटलेल्या माणसाची कुबडी दिसते. या माणसाचे काहीच दिसत नाही. तो चालतो, बोलतो, चहा पितो. म्हणून लोक म्हणतात, ‘याला काय धाड भरली आहे? कामाचा कंटाळा, दुसरे काय!’ शरीराच्या अपंगाला निदान दया मिळते. मेंदूच्या अपंगाच्या वाट्याला संशय येतो.

हे कोणाच्या कर्माचे फळ?

अशा घरात समाचाराला येणारा पहिला पाहुणा कर्माचा सिद्धांत घेऊन येतो. ‘मागच्या जन्मी काहीतरी केले असेल, ते या जन्मी फेडतो आहे.’ सांगणाऱ्याचा हेतू वाईट असतो असे नाही. बोलण्यासारखे काही सुचत नाही म्हणून तो हे बोलतो. पण दीक्षा घेतलेल्या घराने हे वाक्य ओळखले पाहिजे. शेकडो वर्षे आपल्या वाडवडिलांना हेच ऐकविले गेले. गावकुसाबाहेर जन्माला आलात, कारण मागच्या जन्मीचे पाप. मेलेली ढोरे ओढा, शिळे तुकडे खा, पुढचा जन्म चांगला मिळेल. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांनी दीक्षा घेतली व दिली, तेव्हा हा हिशेब आपण फाडून टाकला. जातीपुरती फाडलेली ही वही अपंगांसाठी पुन्हा शिवून ठेवायची काय?

बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माच्या सिद्धांताची कठोर तपासणी केली आहे. माणसाची आजची स्थिती जर मागच्या जन्मानेच ठरत असेल, तर त्याच्या प्रयत्नाला अर्थ राहत नाही आणि गरिबांच्या, दुबळ्यांच्या हालांची जबाबदारी समाजाला व सरकारला सहज झटकता येते, असे त्यांचे म्हणणे आहे. आता हा विचार काटेवाडीच्या रस्त्याला लावून पाहा. ट्रॉलीला दिवा नव्हता, ही कोणाची तरी जबाबदारी होती. रस्त्यावर खड्डा होता, हीही कोणाची तरी जबाबदारी होती. डोक्यावर हेल्मेट नव्हते, त्यात आपलाही वाटा होता. ‘मागच्या जन्मीचे पाप’ म्हटले की हे सगळे एका फटक्यात सुटतात आणि खाटेवर पडलेला एकटाच दोषी ठरतो.

स्वतः भगवंतांना सीवक नावाच्या परिव्राजकाने राजगृहात हाच प्रश्न विचारला होता. माणूस जे सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात. आपले मत काय? भगवंतांनी दुःखाची आठ कारणे सांगितली. पित्त, कफ, वात, या तिन्हींचा एकत्र प्रकोप, ऋतूचा बदल, हयगयीचे वागणे, बाहेरून झालेला आघात, आणि शेवटी कर्माचा विपाक. आठांपैकी सात कारणे डोळ्यांनी पाहता येतील अशी आहेत. सर्व काही पूर्वकर्मानेच घडते असे म्हणणारे लोक अनुभवाच्या पलीकडे धाव घेतात, असे भगवंतांनी त्याला स्पष्ट सांगितले. बाहेरून झालेला आघात! डोक्याला लागलेल्या माराला अडीच हजार वर्षांपूर्वीच वेगळे नाव देऊन ठेवलेले आहे.

दुसरा पाहुणा देवऋषी. शांत मुलगा एकाएकी चिडू लागला, शिव्या देऊ लागला, की शेजारीण हळूच म्हणते, ‘बाहेरचे काहीतरी असेल, एकदा दाखवून या.’ मग लिंबू, अंगारा, धूर आणि प्रसंगी मार. ज्या मेंदूला आधीच मार लागला आहे त्याला पुन्हा मार! डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाल्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरविण्याच्या नावाखाली माणसाला मारहाण करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराला त्यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नव्हते.

अपराध कोठे असतो?

कर्माचे मूळ भगवंतांनी हेतूत पाहिले. हात उचलला गेला एवढ्याने अपराध होत नाही. हात उचलणाऱ्याच्या मनात काय होते ते पाहावे लागते. म्हणूनच विनयात, ज्या भिक्खूचे चित्त ठिकाणावर नाही त्याच्याकडून नियम मोडला तर त्याला आपत्ती लागत नाही.

विनयपिटकातच गग्ग नावाच्या भिक्खूची हकीकत आहे. त्याचे चित्त भ्रमले होते. कधी त्याला उपोसथाचा दिवस आठवे, कधी आठवत नसे. कधी तो येई, कधी येत नसे. नियमाप्रमाणे सर्व भिक्खू हजर असल्याशिवाय उपोसथ होत नाही. मग काय करावे? संघाने त्याला हाकलले नाही आणि त्याच्यावर दंडही लादला नाही. भगवंतांनी संघाकडून रीतसर ठराव करवून घेतला: गग्गाला आठवो वा न आठवो, तो येवो वा न येवो, संघाने आपला उपोसथ करावा, तो बिघडणार नाही. आपल्या एका आजारी सोबत्यासाठी संघाने नियमातच जागा केली. विसरणाऱ्या माणसाला ‘का विसरलास?’ म्हणून पिडण्यापेक्षा आपली रीत त्याच्या विसरण्याला सोसेल अशी करून घेणे, हा त्यातला धडा आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. दोष नाही याचा अर्थ धोका नाही असा होत नाही. रागाच्या भरात त्याने बायकोवर हात टाकला तर ‘आजारी आहे, सोस’ असे तिला सांगणे ही करुणा नव्हे. तिची सुरक्षितता पहिली. भांडणाच्या वेळी घरातल्या दुसऱ्याने मध्ये यावे, मुलांना बाजूला न्यावे, डॉक्टरला हे न लाजता सांगावे. राग आणि फिट या दोहोंवर औषधे आहेत. दोष न देणे आणि बंदोबस्त करणे या दोन्ही गोष्टी एकाच घरात एकाच वेळी करता येतात.

तो माणूस गेला काय?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आई म्हणते, ‘माझा लेक त्या दिवशीच गेला, हा दुसराच कोणी आहे.’ या वाक्यामागचे दुःख खरे आहे. त्याची थट्टा कोणी करू नये. पण त्यातला विचार तपासला पाहिजे.

अमेरिकेत १३ सप्टेंबर १८४८ रोजी फिनिअस गेज नावाच्या रेल्वेच्या मुकादमाच्या गालातून शिरलेली लोखंडी पहार कवटी फोडून वरून बाहेर पडली. तो जगला. पण पूर्वी शांत आणि जबाबदार असलेला हा माणूस हट्टी, शिवराळ, चंचल झाला. हा आता पहिला गेज नव्हेच, असे त्याचे मित्र म्हणू लागले आणि कंपनीने त्याला पूर्वीचे काम दिले नाही. जगभरच्या वैद्यकीय पुस्तकांत त्याची गोष्ट बहुधा येथेच थांबते. पण गेजचे आयुष्य तेथे थांबले नाही. पुढे त्याने चिली देशात सुमारे सात वर्षे घोड्यांची प्रवासी गाडी हाकली. रोज तोच रस्ता, तीच घोडी, ठरलेल्या वेळा. जेथे कोणी त्याच्याकडे पूर्वीचा गेज मागत नव्हते, तेथे हा नवा गेज कामाला आला.

आत्मा मानणाऱ्याला ही गोष्ट फार अडचणीची आहे. शरीरात अविनाशी, न बदलणारा आत्मा असेल तर एका पहारीने माणसाचा स्वभाव कसा बदलावा? आपण अनात्म मानतो. नागसेनांनी मिलिंद राजाला दिव्याचे उदाहरण दिले होते: रात्रीच्या पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत तीच म्हणता येत नाही आणि वेगळीही म्हणता येत नाही. तुम्ही-आम्ही सारेच असे आहोत. दहा वर्षांपूर्वीचा मी आज नाही. माझे बदलणे हळू झाले म्हणून कोणाच्या लक्षात आले नाही. त्याचे एका रात्रीत झाले म्हणून सर्वांच्या डोळ्यांवर आले. फरक वेगाचा आहे. ‘पूर्वीचा राहिला नाही’ हे जगातल्या प्रत्येक माणसाबद्दल खरे असेल, तर ते एकट्या त्याच्यावर दोष म्हणून कसे लादता येईल?

म्हणून आईने लेकासाठी रडावे. पण समोर बसलेल्याला उपरा मानू नये. हरवलेल्या माणसाची वाट पाहत बसले की समोरच्या माणसाला कोणीच उरत नाही.

उपयोगाचा नसलेला भिक्खू

एका विहारात एक भिक्खू अतिसाराने आजारी पडून आपल्याच घाणीत लोळत होता. भगवंत आनंदासह तेथे आले आणि त्यांनी त्याला विचारले की, तुझी सेवा कोणी का करीत नाही? त्याने दिलेले उत्तर विचार करण्यासारखे आहे. मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून ते माझ्याकडे पाहत नाहीत. भगवंतांनी स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले. एकाने डोक्याकडून आणि एकाने पायाकडून धरून त्याला खाटेवर निजविले. मग संघाला बोलावून, आजाऱ्याची सेवा ही माझीच सेवा समजा, अशी शिकवण दिली. बाबासाहेबांनी हा प्रसंग आपल्या ग्रंथात मुद्दाम घेतला आहे.

‘उपयोगाचा नाही’ हे कारण आजही जसेच्या तसे आहे. जोवर मुलगा ट्रॅक्टर हाकीत होता, पगार आणीत होता, तोवर भावकी ओट्यावर होती. माणसाची किंमत त्याच्या उपयोगावर लावण्याची ही रीत आपल्याला परिचयाची आहे. महारकी, येसकरकी म्हणजे दुसरे काय होते? काम होते तोवर हाक, काम सरले की ‘लांब उभा राहा’.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच महाराष्ट्रात आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच हल्ला झाला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला गेला, मेंदूला प्राणवायू मिळाला नाही आणि तेव्हापासून १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, चार दशकांहून अधिक काळ, त्या त्याच रुग्णालयात खाटेवर होत्या. त्यांना दयामरण द्यावे म्हणून पिंकी विराणी यांनी केलेला अर्ज सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळला. विराणींनीही तो अर्ज करुणेपोटीच केला होता, हे मानले पाहिजे. पण न्यायालयापुढे त्या रुग्णालयातील परिचारिका उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ही आमची आहे, आम्ही सांभाळतो. ज्यांनी अरुणाला हिंडता-फिरताना कधी पाहिलेही नव्हते अशा तरुण मुलींनी तिला न्हाऊ घातले, भरविले, कूस बदलून दिली. इतकी वर्षे खाटेवर असूनही तिच्या अंगावर शय्याव्रण नव्हते, याची नोंद न्यायालयापुढे झाली. रक्ताचे नाते नाही, उपयोग नाही, ओळखीचा एक शब्द परत मिळण्याची आशा नाही. तरी सेवा चालू राहिली. मैत्री हा शब्द आपण वंदनेत म्हणतो. तो रोजच्या कामात कसा दिसतो हे त्या वॉर्डात दिसले.

सेवा करणारीचे काय?

पण केईएमच्या परिचारिकांना पाळ्या होत्या. एकीची पाळी संपली की दुसरी येत असे. आपल्या घरात ही पाळी एकटीच्याच वाट्याला येते, आणि ती बहुधा बायको किंवा आई असते. तीच शेतात मजुरीला जाते, तीच औषध आणते, तीच शिव्या खाते आणि वर ‘नवऱ्याला नीट सांभाळत नाही’ हेही ऐकते.

आजाऱ्याची सेवा सोपी असते असे विनयानेही कोठे म्हटलेले नाही. सेवा करण्यास अवघड असा आजारी कसा असतो, त्याची पाच लक्षणे तेथे सांगितली आहेत: तो पथ्य पाळत नाही, औषध घेत नाही, आपले दुखणे नीट सांगत नाही, अशी ती आहेत. मेंदूला इजा झालेल्या माणसाला ही सारी लागू पडतात आणि त्यात त्याचा इलाज नसतो. तेव्हा थकणाऱ्या बाईला पापी म्हणू नका. भगवंतांनी त्या आजारी भिक्खूला त्याच्या आईकडे धाडले नाही. सेवा हे सर्व संघाचे काम ठरविले. आपल्या वस्तीत आठवड्यातून एक दुपार कोणी त्याच्याजवळ बसले तर त्या बाईला बाजार करता येईल, झोपता येईल. दहा घरांची वस्ती असली तर एका घराची पाळी अडीच महिन्यांनी येते. हे काही अवघड दान नव्हे.

नावे, कायदा आणि विहाराची पायरी

आपल्या आजोबांना गाव नाव धरून हाक मारीत नसे. म्हादूचा म्हाद्या होई, धोंडूचा धोंड्या. तो ‘या’ पुसायला आपल्याला दोन पिढ्या लागल्या. आता आपल्याच वस्तीत कोणाला ‘येडा’, ‘खुळा’, ‘अर्धवट’ म्हणून हाक जात असेल, तर तो पुसलेला ‘या’ आपण दुसऱ्याच्या नावाला चिकटवीत आहोत. गोड नावांनीही फसू नये. १९३८ साली मुंबईच्या विधानसभेत ‘हरिजन’ हा शब्द कायद्यात घालण्यास बाबासाहेबांच्या पक्षाने विरोध केला व सभात्याग केला. देवाची माणसे म्हणून काय उपयोग, माणसाची वागणूक द्या, हा त्यातला भाव होता. आज सरकारी कागदावर ‘दिव्यांग’ लिहितात. लिहोत. त्या शब्दाबरोबर हक्क किती आले ते आपण मोजावे.

हक्क आहेत. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. मेंदूच्या इजेचे नाव त्यात स्वतंत्र नाही; पण त्या इजेमुळे वाचा गेली, अंग लुळे पडले, बुद्धीवर किंवा मनावर परिणाम झाला, तर त्या त्या प्रकाराखाली तपासणी होऊन दाखला मिळू शकतो. अपंग व्यक्तीचा चारचौघांदेखत जाणूनबुजून अपमान केल्यास ६ महिने ते ५ वर्षे शिक्षा व दंड आहे. हे शब्द ओळखीचे वाटतील, कारण १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यातही तसेच शब्द आणि तेवढीच शिक्षा आहे. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च करावयाची असते. ग्रामसभेत उठून ती विचारावी. अपघात असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे भरपाईचा दावा लावता येतो. त्यासाठी दवाखान्याचा एकही कागद टाकू नये.

एक अवघड गोष्टही झाकून ठेवू नये. आंधळे, बहिरे, लंगडे, हात-पाय तुटलेले यांना प्रव्रज्या देऊ नये, असा नियम विनयात आहे. कोणी तो आपल्या तोंडावर फेकील. बुद्धवचन म्हणून जे सांगितले जाते ते बुद्धीला आणि मानवाच्या हिताला धरून आहे काय, हे तपासून घ्या, असे बाबासाहेबांनीच शिकविले. तो नियम भिक्खुसंघाच्या प्रवेशापुरता आहे. त्रिशरण-पंचशील घेणाऱ्या उपासकाला शरीराची किंवा स्मरणशक्तीची अट कोठेही नाही. चुल्लपंथकाला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना, म्हणून सख्ख्या भावाने त्याला विहारातून घालविले. भगवंतांनी त्याला परत आणले, हातात कापडाचा तुकडा दिला आणि त्याला जमेल असे ध्यान दिले. तेव्हा आपल्या विहारात ज्याला गाथा आठवत नाही त्याने नुसते बसावे. मध्येच उठला तर उठू द्यावे. लाऊडस्पीकरचा आवाज थोडा कमी करावा.

आणि भेटायला जाल तेव्हा परीक्षा घेऊ नका. ‘मला ओळखलंस का? सांग बरं मी कोण?’ हा प्रश्न आपण प्रेमाने विचारतो. न आठवणाऱ्याला तो चारचौघांत मार बसल्यासारखा लागतो. त्यापेक्षा आपणच आपले नाव सांगावे, शेजारी बसावे, सावकाश बोलावे आणि उत्तराची वाट पाहावी.

आषाढात तुकोबांची पालखी काटेवाडीत येते तेव्हा परीट बांधव रस्त्यावर धोतरांच्या पायघड्या घालतात आणि पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. आदर कसा करावा हे या मातीला शिकवावे लागत नाही. तो आदर कोणाच्या वाट्याला येतो, एवढाच प्रश्न आहे. पायघड्यांची गरज नाही. ओट्यावर बसलेल्या त्या मुलाला त्याच्या पूर्ण नावाने हाक मारा, आणि उत्तर यायला वेळ लागला तरी थांबा.